पाचवा फर्मा

“डबल फर्मा कुणाला पाहिजे?” मालकांनी एक डायरी उंच धरून विचारलं, आणि मी हात वर केला.

सगळे हसले. आमच्या छापखान्यातली ही दरवर्षीची रीत होती. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी, दुपारच्या चहानंतर, बांधणीत बिघडलेल्या डायऱ्या कामगारांना वाटायच्या. धड डायऱ्या गिऱ्हाइकांकडे गेलेल्या असायच्या. आमच्या वाट्याला कुणाचा पुठ्ठा उलटा, कुणाच्या डायरीत अख्खा मे महिना डोक्यावर उभा. तरी लोक हौसेनं निवडायचे, थट्टा करायचे.

“पाचवा फर्मा दोनदा गेलाय हिच्यात,” मालक म्हणाले. “एक ते सोळा मार्च डबल. नाबरबाई, वर्षात सोळा दिवस जादा मिळाले तुम्हाला. काय करणार त्यांचं?”

“बघू,” मी म्हणाले. एवढं एकच उत्तर मला तेव्हा झटकन देता यायचं.

फर्मा म्हणजे काय ते सांगते. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापायची आणि त्याची घडी घालायची, तो एक फर्मा. असे चोवीस फर्मे क्रमानं रचून शिवले की वर्ष तयार. रचताना चूक होऊ नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, आधीच्यापेक्षा थोडी खाली. नीट रचलं तर पाठीवर खुणांची जिनाउतार रांग दिसते. एखादा फर्मा दोनदा गेला किंवा राहून गेला, तर पायरी मोडलेली लांबून कळते.

शेवटी टेबलावर एकच डायरी उरली. तिच्यात पाचवा फर्मा नव्हताच. एकोणतीस फेब्रुवारीनंतर थेट सतरा मार्च.

“ही कोण नेणार?”

“द्या हिकडं,” तातोबा म्हणाले. “मला चालतंय.”

तातोबा मिसाळ आमचे मुख्य बांधणीकार. चाळीस वर्षं त्याच कोपऱ्यात, खळीच्या डब्याशेजारी मांडी घालून बसलेले. त्यांनी डायरी घेतली, धोतराला हात पुसून ती पिशवीत घातली आणि पुन्हा कामाला लागले.

या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, वेंगुर्ल्याहून कोल्हापूरला मुद्रितशोधक म्हणून येऊन चार महिने झाले होते. दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारायच्या आणि संध्याकाळी होसमनीकाकूंच्या माडीवरच्या खोलीत जाऊन बसायचं. काकू वाईट नव्हत्या. “आलीस?” आणि “नळ नीट बंद कर,” एवढं त्या रोज बोलायच्या. छापखान्यात यंत्रांच्या आवाजामुळे कुणी कुणाशी फार बोलत नसे, आणि जे बोलायचे त्यांच्यात मला शिरता यायचं नाही. माझी बोली कोकणी वळणाची, त्यांची रांगडी. मी तोंड उघडलं की कुणीतरी हसायचं, आणि मी तोंड मिटायचे. एका रविवारी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की शनिवारी सहापासून मी एक शब्दही बोललेले नाही. मी मोठ्यानं स्वतःचं नाव घेऊन पाहिलं. आवाज घोगरा आला. मला तेव्हा खरंच भीती वाटली.

म्हणून एकतीस डिसेंबरला, काकूंच्या गच्चीवर उन्हात बसून मी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर नव्या वर्षाचे संकल्प लिहिले. दहा लिहिले, कारण नऊ वाईट दिसले असते. सायकल शिकायची. घरच्या पत्रात ‘मी मजेत आहे’ असं खोटं लिहायचं नाही. कुणासाठी तरी, न सांगता, एक चांगली गोष्ट करायची. बाकीचे आता आठवतही नाहीत. पण सातवा पाठ आहे: ‘रोज कुणाशी तरी कामाव्यतिरिक्त दहा वाक्यं बोलायची. रात्री मोजून लिहायची.’

दोन जानेवारीला मी काकूंवर प्रयोग केला. तिसऱ्या वाक्याला त्यांनी विचारलं, “काय गं, बरं नाही का?” चहावाल्याकडे दोन वाक्यांपुढे गाडी जाईना. मग उरले तातोबा. दुपारी सगळे जेवायला घरी नाही तर खानावळीत जायचे. डबा घेऊन बसणारे आम्ही दोघंच, ते त्यांच्या कोपऱ्यात आणि मी माझ्या टेबलाशी.

चार तारखेला मी डबा उचलला आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. चार वाक्यं चिठ्ठीवर लिहून नेली होती.

“मामा, ही खळ कशाची करता?”

त्यांनी वर बघितलं. “मैद्याची. मोरचूद टाकायचा चिमूटभर, म्हंजे किडा लागत न्हाई. का वो? तुमास्नी करायची हाय?”

“नाही, सहज.”

“सहज व्हय?” ते हसले. “बरं हाय की. सहज कोण इचारतंय आता?”

त्या दिवशी डायरीत मी लिहिलं, ‘तातोबा – ६.’

आठवड्याभरात दहा व्हायला लागली. मला चिठ्ठी लागायची, त्यांना काही लागायचं नाही. ते कागदाच्या धाग्याबद्दल बोलायचे. कागद कुठल्या अंगानं दुमडतो आणि कुठल्या अंगानं हट्ट करतो, ते बोटानं दाखवायचे. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा सुरतेला कापडाच्या गिरणीत होता, आणि ‘इकडे या’ म्हणून पत्रं पाठवायचा.

“जात का नाही?”

“जाऊन बोलू कुणासंगं? नातवंडं गुजरातीत भांडत्यात. हितं निदान यंत्रं तरी मराठीत कुरकुरत्यात.”

ते भाकरीबरोबर ठेचा आणायचे आणि मी तोंड पोळून घेतलं की डोळ्यांत पाणी येईस्तो हसायचे. जानेवारी संपता संपता ते माझ्या आधी जागा झाडून, दोन रद्दी कागद पसरून ठेवायला लागले. मला ते दिसत होतं. तरी मी रोज न चुकता आकडा लिहीत होते. तातोबा – १०. तातोबा – १०. सात झाली की मी उरलेली तीन ओढूनताणून काढायचे, आणि दहा झाली की डबा धुवायला उठायचे. ते कधी कधी वाक्याच्या मध्येच असायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या डोक्यात ती कल्पना आली. माझ्याकडे पाचवा फर्मा दोन, त्यांच्याकडे एकही नाही. न सांगता करायची चांगली गोष्ट आयती समोर होती! एकोणतीस तारखेला ते मालकांकडे गेल्याचं पाहून मी त्यांच्या पिशवीतून डायरी काढली. माझ्या डायरीतला जादा फर्मा मी आधीच दोरा कापून मोकळा केला होता. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे पाठीला खळीचं बारीक बोट ओढलं, फर्मा जागेवर बसवला, घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीनं दाबला. चांगला बसला. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की खळीचा हात पुसायला मी मोरीवर गेले आणि माझी डायरी तिथंच त्यांच्या पाटावर उघडी राहिली.

परत आले तेव्हा ते बसले होते. दोन्ही डायऱ्या मांडीवर होत्या.

“ह्यो तुमच्यातला का?” त्यांनी विचारलं.

“हो. तुमचे सोळा दिवस राहिले होते ना, मामा. म्हटलं...”

“बाई, हितं चाळीस वर्सं झाली मला. माझ्या हातनं फर्मा चुकतोय व्हय?”

पायऱ्यांच्या खुणा मला ठाऊक होत्या. त्यांच्यासारख्या माणसाच्या नजरेतून मोडलेली पायरी सुटणं शक्यच नव्हतं, हे सहा महिने जुन्या माझ्यासारखीलाही कळायला हवं होतं.

“म्यांच काडला,” ते म्हणाले. “सोळा मार्चला मला साठ भरत्यात. मालकांनी दिवाळीतच सांगून ठेवलंय, त्या दिवशी सुट्टी. कायमची. म्हटलं, आपल्या वर्षात त्यो दिवसच नको. छापलेला कागुद टाकवंना, म्हणून दुसऱ्या डायरीत घातला. येड्यागत हाय, मला ठावं हाय. पर सकाळी उगडली की बरं वाटायचं. फेब्रुवारी झाला की एकदम सतरा. जनू चुकवून पल्याड गेलो.”

“मला माहीत नव्हतं हो, मामा.”

“न्हवतंच ठावं. त्याचं काय न्हाई.” मग त्यांनी माझी डायरी वर धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि चौथी शिकलेल्या माणसाच्या सावकाश पद्धतीनं वाचलं. “तातोबा, धा. तातोबा, धा. तातोबा, सात, अधिक तीन. ह्ये काय हाय?”

खोटं सांगता आलं असतं. मला सुचलं नाही. मी संकल्प सांगितला, सातवा, जसाच्या तसा.

त्यांनी त्या आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं. “म्हंजे आब्यास व्हता,” ते म्हणाले. “मला वाटलं, बाई बोलत्यात.”

त्यांनी डायरी मिटली, माझ्या हातात दिली आणि डबा न उघडताच कात्री उचलली.

पुढचे पंधरा दिवस मी माझ्या टेबलाशी जेवले. ते त्यांच्या कोपऱ्यात. ते रागावलेले दिसत नव्हते. “बाई, पान सरळ धरा,” असं कामाचं बोलायचे. पण रद्दी कागद एकच पसरलेला असायचा. मी रात्री डायरीत शून्य लिहायचे, आणि तो शून्य माझ्या डोळ्यांदेखत फुगायचा. मला त्यांची माफी मागायची होती. पण माफी मागायला निघाले की मनात पहिला विचार यायचा, किती वाक्यं लागतील? आणि मग मला माझीच इतकी शिसारी यायची की मी खाली बसायचे.

सोळा मार्च शनिवारच होता. चार वाजता यंत्रं बंद झाली. मालकांनी तातोबांना खुर्चीवर बसवलं. बिचारे खुर्चीच्या कडेवर टेकून होते, मांडीची सवय. शाल, नारळ, हार झाला. मालक बोलले, यंत्रावरचा एक जण बोलला. “आणखी कोणी?” मालकांनी विचारलं. आणि मी उभी राहिले. का ते मला आजही सांगता येणार नाही.

“मी इथं आले तेव्हा मला कोणी ओळखत नव्हतं,” मी म्हणाले. कोणीतरी माझ्या हेलाला हसलं असावं, पण मी थांबले नाही. “मामांनी मला खळ करायला शिकवली. कागदाला अंग असतं, हे शिकवलं. ठेचा खायला शिकवला, तो मला अजून येत नाही.” लोक हसले. तातोबा हसले नाहीत. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि शालीखालून अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. मी तसंच बोलत राहिले, काय बोलले ते आठवत नाही. शेवटी बसता बसता तोंडातून निघालं, “मामा, मी येत्या रविवारी तुमच्या घरी येते.”

त्यांनी डोळे उघडले. “या की,” ते म्हणाले.

येता रविवार म्हणजे दुसराच दिवस. मी सकाळी केस धुतले. वाळेपर्यंत दुपार झाली. दुपारी एकट्या माणसाकडे जाणं बरं नाही, असं स्वतःला पटवलं. डायरीत लिहिलं, ‘तातोबांकडे – पुढच्या रविवारी.’ मधे पाडवा आला. नवीन वर्षच ते, या निमित्तानं जाऊ, असं ठरवलं. तोही गेला. चोवीसला मात्र मी निघाले. अर्धा डझन केळी घेतली, विचारत विचारत त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पोचले. ते दारातल्या पायरीवर उन्हात बसलेले लांबून दिसले. त्यांच्यासमोर जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मला सुचेना. मी वळले आणि घरी येऊन केळी काकूंना दिली. “काय गं, आज काय आहे?” त्यांनी विचारलं. एकतीसला डोकं दुखत होतं. दुखत नव्हतं खरं तर.

सात एप्रिलला मी धावतच गेले म्हणायला हरकत नाही. दाराला कुलूप होतं.

शेजारची बाई धुणं वाळत घालत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “छापखान्यातल्या बाई का तुमी?”

“हो.”

“ल्योक आला व्हता. शुक्कारी घिऊन गेला सुरतंला. जायाचं न्हवतं त्यास्नी, पर एकटं किती ऱ्हानार? तुमच्यासाटनं कायतरी ठिवलंय.”

तिनं आतून डायरी आणून दिली. मी त्यांच्याच पायरीवर बसले आणि उघडली.

जानेवारी-फेब्रुवारी कोरे होते. लिखाण सुरू झालं होतं पाचव्या फर्म्यापासून, मी चिकटवलेल्या पानांवरून. जाड पेन्सिलीची मोठी अक्षरं. १ मार्च: बाई – ०. २ मार्च: बाई – ०. ३ मार्च, रविवार, सुट्टी. ४ मार्च: बाई – ०. पानामागून पान तेच. मग १६ मार्च: ‘बाई – ११. एक जास्त.’

शालीखालचा अंगठा मला तेव्हा कळला. अकरावं वाक्य कुठलं, हेही कळलं.

१७ मार्च: ‘बाईंचा रविवार. भाकरी दोन जादा केल्या. ठेचा कमी तिखट.’ २० मार्च: ‘पाडवा. शेजारणीनं पोळी दिली. अर्धी ठेवली.’ पुढच्या पानांवर नुसते शून्य होते, कुणाचं नाव नव्हतं. २४ मार्च: ‘बाई गल्लीच्या तोंडाशी आल्या. हातात केळी. परतल्या.’ ३१ मार्च: ‘भाकरी दोन जादा.’ आणि ४ एप्रिल, गुरुवार: ‘उद्या सुरत. बाई रविवारी येतील.’

शेजारीण बादली घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. मी रडत होते, आणि रडताना मला एकदाही वाटलं नाही की कुणी हसेल. तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. माझ्याजवळच बसली. आम्ही काहीबाही बोललो, त्यांच्या बायकोबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल. किती वेळ आणि किती, माहीत नाही.

उठताना मी तिच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि सात एप्रिलच्या पानावर लिहिलं, ‘बाई आल्या.’ सोमवारी तिच्याकडून घेतलेला सुरतेचा पत्ता घालून डायरी पोस्टानं पाठवली. सोबत पत्र लिहायला तीनदा बसले, तीनदा कागद फाडला. शेवटी तशीच पाठवली.

पंधरा दिवसांनी छापखान्याच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. दुपारची सुट्टी होती. तातोबांच्या कोपऱ्यात नवा माणूस बसत होता, तो जेवायला घरी गेला होता. मी तिथं रद्दी कागद पसरून बसले होते. कार्डावर जाड पेन्सिलीनं एवढंच होतं:

‘डायरी पोचली. बाई – १.’

मी डबा तसाच झाकला आणि मालकांना सांगितलं, जरा पोस्टात जाऊन येते.

“काय काम?” ते म्हणाले.

“अंतर्देशीय आणायचंय,” मी म्हणाले. “थोडी जास्तच आणीन.”